तेविसावा प्रश्न

१

माझं काम सोपं होतं. दिवसाला चाळीस माणसांना फोन करायचा आणि तुम्हाला काय काय होतंय ते विचारायचं.

मोघम विचारायचं नाही. समोर छापील पत्रक असायचं, त्यावर बावीस प्रश्न. डोकं दुखतं का. मळमळतं का. तोंड कोरडं पडतं का. जिना चढताना धाप लागते का. ही माणसं पित्तावरची एक नवी गोळी घेत होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण पोकळ, म्हणजे आत औषध नसलेली. कुणाच्या वाट्याला कुठली आलीये हे त्यांना माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने, त्याच सुरात. सुपरवायझर मॅडमचा नियम एकच होता, पत्रकाबाहेरचा शब्द नाही. ‘अरेरे’ नाही. ‘काळजी घ्या’ तर नाहीच नाही.

“तुम्ही नुसतं ‘अरेरे’ म्हणालात ना, की समोरच्याचं दुखणं दुप्पट होतं,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आणि तुमचा आवाज तर बाई जन्मजात ‘अरेरे’ आहे. जरा सांभाळा.”

सगळे हसले. मीही हसले, कारण खोटं काय होतं त्यात? मला दचकायला काही लागत नाही. मागून कुणी हाक मारली की पुरे. आई म्हणते, ही आपल्याच सावलीला ‘कोण आहे’ विचारेल आणि उत्तर यायच्या आत पळेल.

तिसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. आठ टेबलं, मधे छातीएवढ्या उंचीचे राखाडी कापडाचे आडोसे, कधीच न उघडणारी एक खिडकी. माझ्या डावीकडे बसायची तिला सगळे टेप म्हणायचे, कारण ती बावीसच्या बावीस प्रश्न टेप लावल्यासारखे म्हणायची. सकाळी नऊचा फोन आणि संध्याकाळी पाचचा फोन, सुरात तसूभर फरक नाही. मला तिचा हेवा वाटायचा. माझ्या यादीत नसलेला आणि तिच्या यादीत असलेला एक नंबर माझ्या वडिलांचा होता.

बाबांना पित्ताचा त्रास जुनाच. या गोळीबद्दल मीच त्यांना सांगितलं आणि फॉर्मही मीच भरला. नात्यातलं माणूस घेता यायचं, फक्त त्याला फोन दुसऱ्या टेबलावरून जायचा.

२

चूक झाली ती एका मंगळवारी.

त्या सकाळी मी उठले तर डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट बधीर होतं. हात अंगाखाली आला असेल. पण बाकीची चार बोटं नीट होती आणि हे एकच मेल्यासारखं. पलंगावर बसून मी ते चोळलं आणि मनात एक विचित्र वाक्य आलं, की कुणीतरी रात्रभर हे बोट धरून ठेवलंय. दहाच्या सुमाराला मुंग्या येऊन बोट सुटलं. मी कुणाला काही बोलले नाही. घरी असलं काही बोलायची सोयच नाही. लहानपणी मी मामाला म्हणाले होते, “मामा, तुझं पोट दुखेल,” आणि तिसऱ्या दिवशी त्याचं अपेंडिक्स काढावं लागलं. तेव्हापासून आमच्याकडे मी काळ्या जिभेची. पाहुणे आले की आई हसत हसत सांगते, “हिला तब्येत सांगायची नाही बरं का. ‘मजेत’ म्हणायचं आणि चहा प्यायचा.”

तर त्या मंगळवारी मी एकशे चौदा नंबरशी बोलत होते. नावं आमच्याकडे नसायचीच, फक्त नंबर. एकशे चौदा म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. आवाज खणखणीत, प्रत्येक उत्तराआधी ‘हं, पुढे’ म्हणायच्या. मी सतराव्या प्रश्नावर होते आणि मागे कागदांच्या कपाटाचं लोखंडी दार कुणीतरी धाडकन लावलं.

मी दचकले. पत्रकावरची ओळ सुटली. ओळीवर ठेवलेलं बोट पुन्हा जागेवर यायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं,

“सकाळी उठल्यावर डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट बधीर असतं का?”



“नाही,” बाई म्हणाल्या. मग, “थांबा हं.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या हात उचलून बघत असणार. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“तुम्ही म्हणालात म्हणून बघितलं. जरासं आहे की हो. कमाल आहे.”

मी मॅडमना जाऊन सांगायला हवं होतं, की पत्रकाबाहेरचं बोलले. सांगितलं नाही. पत्रकाच्या शेवटी ‘इतर’ असा एक रकाना होता. त्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘डाव्या हाताचं चौथं बोट बधीर’. लिहिलं की प्रश्न मी विचारला होता हे दिसत नाही. बाईंनी आपणहून सांगितल्यासारखं दिसतं.

३

पुढच्या मंगळवारी त्यांनी खरंच आपणहून सांगितलं.

“ते बोट हो. आता रोज असतं. कसं सांगू, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. हे वाक्य माझं होतं. पलंगावर बसून मी मनात म्हटलेलं. फोनवर मी ‘बधीर’ एवढंच म्हणाले होते, नक्की एवढंच.

मग मी स्वतःला समजावलं. कॉलेजात एक वर्ष मानसशास्त्र होतं मला. माणसाला विचारलं की त्याला ते जाणवतं. जांभईचं नाव काढलं की जांभई येते, त्यातलाच प्रकार. आणि बोट बधीर झालं की माणूस दुसरं काय म्हणणार? धरल्यासारखं, आवळल्यासारखं, शब्द असून असून असणार किती.

गुरुवारी दोनशे सहा म्हणाला, “ताई, ते पोटाचं राहू द्या. माझं बोट कुणीतरी धरतं.”

त्याला मी काही विचारलं नव्हतं. नियमच होता, पत्रक वाचायचं. मी पत्रकच वाचलं होतं.

शुक्रवारी आणखी तिघं. डावा हात, करंगळीच्या शेजारचं बोट, धरून ठेवल्यासारखं. ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. वेगवेगळ्या गल्ल्यांत राहत होती. त्यांच्यातलं सामायिक एवढंच, की आठवड्यातून एकदा त्यांच्या कानात माझा आवाज जायचा.

मी आवाज बदलून बघितला. टेपसारखा सपाट काढला. एकशे चौदाच्या बाई म्हणाल्या, “आज तुम्हाला बरं नाही का? घाबरल्यासारख्या वाटता.”

४

चार आठवड्यांनी नवी पत्रकं छापून आली. गठ्ठ्याला अजून शाईचा वास होता. मॅडमनी प्रत्येक टेबलावर स्वतःच्या हाताने ठेवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी उडालेच.

“दचकू नका, कौतुक करतेय. ‘इतर’ रकान्यात इतकं बारीक कुणीच लिहीत नाही. एकतीस जण निघाले बोटवाले. वरून आदेश आलाय, वेगळा प्रश्न घाला.”

तेविसावा प्रश्न. सकाळी उठल्यावर डाव्या हाताचं चौथं बोट बधीर असतं का? माझी जीभ घसरली होती ती आता शाईत होती. आठ टेबलं रोज प्रत्येकी चाळीस माणसांना हे विचारणार. आणि डावीकडे, आडोशाच्या पलीकडे, टेप बाबांना विचारणार.

इथे बाबांचं काम सांगायला हवं. ते दातांच्या कवळ्या बनवतात. घर वर, कारखाना खाली. कारखाना म्हणजे रस्त्यावरची काचेच्या दर्शनी भागाची एक खोली. फळ्यांवर प्लास्टरची तोंडं मांडलेली, कुणाचा वरचा जबडा, कुणाचा खालचा, प्रत्येकाला चिठ्ठी. स्पिरिटच्या दिव्यावर छोटी सुरी तापवून बाबा गुलाबी मेणात एकेक दात बसवतात. “या रस्त्यावर जो हसतो तो माझ्या दातांनी हसतो,” हा त्यांचा ठरलेला विनोद. दात बसला की नाही ते डोळ्यांनी कळत नाही. केसाएवढा उंच राहिला तरी माणसाला घास चावत नाही. ते बाबा बोटाने बघतात. डाव्या हाताच्या, करंगळीशेजारच्या बोटाने. बाकीची बोटं तीस वर्षं चटके खाऊन निबर झालीत. “एवढं एक जिवंत ठेवलंय,” ते म्हणतात. त्या बोटाने ते कधी गरम भांडंसुद्धा उचलत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी टेपला गाठलं.

“माझ्या बाबांना तेविसावा विचारू नकोस. नुसती ‘नाही’वर खूण कर.”

“का गं?”

“असंच.”

“असंच म्हणजे? वेडी का तू? मॅडम मधेच कान लावून ऐकतात, माहितीये ना? तुझ्या बाबांपायी माझी गच्छंती.” मग तिला माझा चेहरा दिसला असावा. “अगं, सकाळीच विचारलं मी त्यांना. ‘नाही’ म्हणाले. वर मला विचारलं, बाई, तुमच्या अक्कलदाढेचं काय झालं? त्यांना काय धाड भरलीये!”

मी संडासात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ हसत उभी राहिले.

५

पण न विचारणं किती अवघड असतं ते मला त्या दिवसांत कळलं.

मी ठरवलं होतं, विचारायचं नाही, बोलायचं नाही, शक्य तर मनातही आणायचं नाही. ताटावर बसले की नजर त्यांच्या डाव्या हातावर जायची. ती मी उचलून भिंतीवर ठेवायची. मग भिंतीवरून ती पुन्हा घसरायची.

“काय गं, त्यांच्या हाताकडे काय टक लावून बघतेस?” आई म्हणाली.

“कुठे काय.”

“बघते बापाकडे, बघू दे की,” बाबा म्हणाले. “तू तरी कुठे बघतेस माझ्याकडे? कोणीतरी बघायला हवं.”

“तुमच्याकडे बघून झालंय माझं. तीस वर्षं.” आईने पोळी वाढली. मग सहज म्हणावं तसं म्हणाली, “आज ती कोपऱ्यावरच्या शिंप्याची कवळी परत आली. उजवीकडे उंच झालीये म्हणे.”

“त्याचं तोंडच वाकडं आहे.”

“तोंड पहिल्यापासून वाकडं आहे त्याचं. तीन कवळ्या केल्यात तुम्ही. एकही परत नव्हती आली.”

बाबांनी पाण्याचा पेला उचलला. उजव्या हाताने. डावा हात मांडीवर होता. माणूस जेवताना डावा हात मांडीवर ठेवतो, सगळेच ठेवतात, मीही ठेवते. मी हे स्वतःला तीन वेळा सांगितलं.

त्या आठवड्यात आणखी दोन कवळ्या परत आल्या.

६

शेवटी मी मॅडमच्या काचेच्या खोलीत गेले. कंपनीचे डॉक्टर आलेले होते. तरुण, चकचकीत बूट, समोर लॅपटॉप. मी सगळं सांगितलं. कपाटाचं दार, माझं बोट, मी पत्रकाबाहेर बोलले ते. नोकरी जाणार हे धरूनच गेले होते. जाऊ दे, असंच वाटत होतं.

“प्रश्न काढून टाका,” मी म्हणाले. “तो आजार नाहीये. तो मी सुरू केलाय.”

मॅडम डॉक्टरांकडे बघत राहिल्या. डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकाने हसले.

“तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मधली तपासणी झाली आमची. बोटाची तक्रार करणाऱ्यांत पोकळ गोळीवाले जवळजवळ निम्मे आहेत. गोळीत काही नाही आणि तरी होतंय. म्हणजे मनाचंच.”

“मग काढा ना.”

“काढू कशाला?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “अहो, पोकळवाल्यांनाही होतंय म्हटल्यावर आमच्या औषधाकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. उद्या खऱ्या गोळीने कुणाचं काही झालंच, तरी ते या गर्दीत मिसळून जातं. फार चांगला प्रश्न आहे हा.”

“पण त्यांची बोटं खरी बधीर होतायत.”

“हो, होणारच. मनाचं आहे म्हणजे खोटं आहे असं नाही काही.” त्यांनी लॅपटॉप मिटला. “पण त्यावर उपचार आमच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे का?”

बाहेर येताना मॅडम हळूच म्हणाल्या, “कबूल केलंत ते मी ऐकलं नाही असं समजा. जा, फोन करा. तुमच्या टेबलाचे आकडे सगळ्यात चांगले आहेत.”

७

मग त्यात भर पडायला लागली.

दोनशे सहा हा ट्रक चालवायचा. आडदांड आवाज, शिवी दिल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. त्या दिवशी त्याने एकही शिवी दिली नाही.

“ताई, एक विचारू? हसू नका. तो हात आहे ना, लहान आहे हो.”

पत्रकात त्यावर वाक्य नव्हतं.

“पोराचा असतो तसा. ओढत नाही, दुखवत नाही. नुसता धरून बसतो. पोरं कशाला तरी भ्यायली की धरतात ना, तसा. मला बाजूला बघायचं धाडस होत नाही. आणि गाडी चालवताना पण येतो आता. गिअर टाकायला हात उचलला, की जड लागतो.”

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून त्याचा आवाज येतच होता, बारीक, डबीत कोंडल्यासारखा. लहान हाताचं मी कधी मनातही आणलं नव्हतं. हे माझं नव्हतं. मी इतकी खूश झाले की मला रडू आलं. हे माझं नाही, हे त्याने स्वतः काढलं, म्हणजे मी नाही.

मग एकशे चौदाच्या बाईंचा फोन. हल्ली त्यांचं ‘हं, पुढे’ बंद झालं होतं. पहिल्या बावीस प्रश्नांना त्या ‘नाही’ म्हणाल्या. तेविसाव्याला ‘नाही’ आलं नाही.

“मी सांगून बघितलं,” त्या म्हणाल्या. “सोड राजा, म्हटलं. मी कुठे जात नाही, म्हटलं. चाळीस वर्षं मुलं सांभाळली मी, मुलं माझं ऐकतात. तुम्हाला सांगू? सोड म्हटलं की जास्त घट्ट धरते ती.”

“ती?” माझ्या तोंडून गेलं.

“मुलगीच आहे,” बाई म्हणाल्या. “मुलींचा हात कळतो.”

पुढच्या आठवड्यात त्यांच्या नंबरावर कुणी फोन उचलला नाही. नंतर यादीतून तो नंबरच गेला. काय झालं ते आम्हाला सांगत नाहीत.

८

बुधवारी टेप आली नाही. तिची यादी बाकीच्यांत वाटली गेली. नात्याचा नंबर वगळायचं मॅडमच्या लक्षात राहिलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. बाबांना फोन मी लावला.

“बोला मॅडम,” बाबा म्हणाले. लगेच ओळखलं त्यांनी. मागे दुकानातला पंखा खडखडत होता.

“तुमची मुलाखत ध्वनिमुद्रित होईल.”

“होऊ द्या. आमचाही आवाज राहील कुठेतरी.”

मी वाचत गेले. डोकं दुखतं का. नाही. मळमळतं का. नाही. तोंड कोरडं पडतं का. “बायकोसमोर पडतं.” मला हसू आलं. बाविसावा झाला. मी पत्रक पालथं ठेवलं.

“झालं. धन्यवाद.”

“एक राहिला.”

“नाही राहिला.”

“तेविसावा. ती दुसरी बाई दर आठवड्याला विचारते.” पंखा बंद झाल्याचा आवाज आला. त्यांनी उठून बंद केला असावा. “तू का नाही विचारत?”

कान लावून मॅडम ऐकत असतील तर ऐकोत.

“तिला मी ‘नाही’ सांगतो,” बाबा म्हणाले. “तू तिथे बसतेस म्हणून. कागदावर माझा ‘हो’ बघितलास तर घाबरशील.”

“कधीपासून आहे?”

“घाबरू नकोस.”

“बाबा, कधीपासून?”

“तुमच्या त्या गोळीच्या आधीपासून. कधी कमी, कधी जास्त. आता जरा जास्त आहे, एवढंच. काम होतंय.”

“मला सांगितलं का नाही?”



“तुला सांगितलं की वाढतं गं,” ते म्हणाले. अगदी साधेपणाने, हवामान सांगावं तसं. “पहिल्यापासून. मला ताप आला की तू उशाशी येऊन बसायचीस. हलायची नाहीस. आणि ताप चढायचा. तुला शेजारी खेळायला पाठवलं की तासाभरात उतरायचा. तुझी आई जिभेचं म्हणते, ते काही खरं नाही. तू तोंडातून अक्षर काढायची नाहीस. नुसती धरून बसायचीस.”

“काय धरून?”

“पोरी, समोर गिऱ्हाईक आलंय,” ते म्हणाले. आणि फोन ठेवला.

९

दुपारचे तीन वाजले असतील. मी पर्स घेतली आणि कुणाला न सांगता निघाले. चालत वीस मिनिटं. वाटेत मनाशी पाठ करत होते. जाऊन सांगायचं, हात दाखवायला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. हसत सांगायचं. हलक्या आवाजात. नस दबली असेल म्हणायचं. नसा दबतात माणसांच्या.

रस्त्याच्या अलीकडेच मी थांबले. समोर काच, काचेच्या आत बाबा. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. फळ्यांवर प्लास्टरची तोंडं, दिव्याची निळी ज्योत. उन्हं माझ्या मागून होती, त्यामुळे आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. मला भास झाला म्हणावं असा अंधार कुठेही नव्हता.

बाबा फक्त उजव्या हाताने काम करत होते. साचा त्यांनी छाती आणि टेबल यांच्यामध्ये दाबून धरला होता, लुळ्या हाताचा माणूस धरतो तसा. डावा हात टेबलाच्या कडेवर होता. चार बोटं सैल. एक बोट बाकीच्यांपासून वेगळं झालेलं, कडेवरून खाली वळलेलं. टेबलाशेजारी एखादं मूल उभं असलं तर त्याचा हात जिथे पोचेल, बरोबर तिथे. बोटाच्या मधल्या पेरावरची कातडी पांढरी होती. दोन्ही बाजूंनी आत दबलेली.

टेबलाशेजारी कुणी नव्हतं.

बाबांनी मेणातून नजर काढली, बाजूला खाली बघितलं आणि काहीतरी बोलले. रस्त्यावरच्या आवाजात मला ऐकू येणार नव्हतंच. पण ते वैतागून बोलत नव्हते. सवयीने बोलत होते. किती वर्षांची सवय असेल?

माझा उजवा हात दुखत होता. मी खाली बघितलं. मूठ मिटलेली होती. कधी मिटली मला आठवत नाही. नखं तळव्याला लागत नव्हती. मुठीच्या आत जागा होती, एका बोटाएवढी, आणि ती जागा रिकामी नव्हती. कोमट होती.

सोडायचं, मी स्वतःला सांगितलं. इतकं सोपं आहे. मूठ आहे, माझी आहे, उघडायची. पण माझ्याच्याने होईना. मी सोडलं आणि ते पडले तर? मी सोडलं म्हणूनच काही झालं तर? नाही, तीन म्हटलं की उघडायची. एक. करंगळी सैल झाली. काचेच्या आत बाबांनी खांदा हलवला, मोकळा झाल्यासारखा. डाव्या हाताची बोटं जराशी हलली. पाचही. मला खरंच वाटलं की होतंय. दोन.

माझ्या पाठीशी एका टेम्पोने कर्कश हॉर्न वाजवला.

मी दचकले. दचकल्यावर माणसाच्या हाताचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. हातात जे असेल ते तो आवळतो.

आत सुरी खाली पडली. बाबांचं तोंड उघडलं, आवाज मला आला नाही. साचा निसटून खाली गेला आणि फुटला. त्यांनी बोटाकडे बघितलंही नाही. त्यांनी सरळ काचेतून, रस्त्यापलीकडे, माझ्याकडे बघितलं. मी तिथे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक असल्यासारखं.

मग त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलला, टेबलाखाली नेला, मला दिसणार नाही असा मांडीवर ठेवला. आणि हसले. कपाळावर घाम होता आणि ते छान हसत होते.

मीही हसले. तेवढं मला जमलं. मूठ मात्र उघडली नाही.